पान्हा चोरला म्हणू नये

दिवाळी मागे पडली की अंबडच्या आमच्या पशुपालन प्रशिक्षण केंद्राच्या गोठ्यात भिजवलेल्या सरकीचा वास भरून राहतो. आंबूस, तेलकट, शेणाच्या वासात मुरलेला. बाहेर तुरी पिवळ्या झालेल्या असतात. मोसंबीच्या बागांमधला गारवा सकाळी रस्त्यावर येऊन उभा राहतो आणि शहागडच्या बाजूला निघालेल्या ऊसतोडीच्या बैलगाड्यांची घुंगरं ऐकू येतात. याच दिवसांत आमच्याकडे बहुतेक म्हशी व्यालेल्या किंवा विण्याच्या बेतात असतात. गोठ्यातल्या माणसांसाठी वर्ष सुरू होतं ते इथून. पंचांगात काय लिहिलंय त्याच्याशी आम्हाला फारसं घेणं नसतं.

परवा या वर्षीचा पहिला चीक आला. वर्गातल्या एका पोराने स्टीलचा डबा फडक्यात बांधून आणला आणि टेबलावर ठेवला. "आईनं दिलाय, डॉक्टर. काल रातीला व्याली. वगार झाली." मी डबा घेतला आणि नेहमीप्रमाणे ओशाळलो. एक तर मी डॉक्टर नाही. जनावरांच्या निगेचा एक अभ्यासक्रम केलेला आणि पुढे तोच शिकवत राहिलेला साधा मास्तर आहे. पण हातात थर्मामीटर घेतलेल्या माणसाला गावात दुसरं नाव नसतं. सुरुवातीला मी दुरुस्त करत असे. मग एकदा एक म्हातारी म्हणाली, "बरं, न्हाई तर न्हाई, पर माझ्या गाईकडं बघा की डॉक्टर." तेव्हापासून दुरुस्त करणं सोडलं. सल मात्र सुटला नाही.

मी स्वभावानेच अपराधी माणूस आहे. शेजारी भांडण झालं तरी मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं असेल. माझी बायको मंदा म्हणते, "तुम्हाला कुणी पकडलं न्हाई तरी तुम्ही कबूल करून राह्यले." खरं आहे. आणि म्हणूनच हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय, कारण आज मला समाधानाबद्दल लिहायचं आहे आणि त्याचं मूळ दुसऱ्याच्या गोठ्यातल्या एका मरणात आहे.

लोक विचारतात, यात शिकवण्यासारखं काय आहे? जनावरं तर आमच्या घरात जन्मापासून आहेत. प्रश्न रास्त आहे. वैरण, पाणी, लस, जंताचं औषध हे सगळं आठवड्याभरात सांगून होतं. उरलेले दिवस मी फक्त एक गोष्ट शिकवतो आणि ती शिकवायला मला अर्धं आयुष्य लागलं. ती म्हणजे जनावराला नावं न ठेवणं. आपल्याकडे आधी नाव ठेवतात आणि मग बघतात. ही मारकी, ती खोडकर, तो बैल आळशी, ही गाय लबाड. एकदा नाव पडलं की पुढे कोणी त्या जनावराकडे बघत नाही, नावाकडेच बघतात.

म्हणून माझ्या वर्गात एक नेम आहे. दावणीपासून थोडं दूर बसायचं, गप्प राहायचं आणि नंतर फक्त जे दिसलं तेवढं सांगायचं. स्वभाव सांगायचा नाही.

"सर, ती माझ्याकडं रागानं बघून राह्यली."

"राग कुठं दिसला?"

"डोळ्यात."

"डोळ्यात काय दिसलं?"

पोरगं गडबडतं. बाकीचे हसतात. मग ते पुन्हा बघतं आणि म्हणतं, "डोळ्याचा पांढरा भाग दिसला. कान मागं गेले. चघळायची थांबली."

"हां. मंग तेवढंच सांग."

हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. स्वतःच्या घरातल्या माणसाबद्दल एक दिवस असं बोलून बघा. मी बघितलं आहे, दुपारपर्यंत टिकलो नाही.

हा नेम मी पुस्तकातून आणला होता, पण तो माझा झाला ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराच्या एका कार्तिकात. तेव्हा मी तिशीत होतो, वर्ग चालवायला नुकती सुरुवात केली होती आणि 'पान्हा चोरणारी जनावरे' या विषयावर फळ्यावर मुद्दे लिहून बिनदिक्कत व्याख्यान देत होतो. म्हैस पान्हा चोरते म्हणजे दूध कासेत असूनही खाली सोडत नाही. सगळे असंच म्हणतात, मीही म्हणत असे. शब्दात चोरी आहे हे माझ्या कानाला कधी टोचलं नव्हतं.

त्या वर्गात शहागडची कडूबाई होती. तिशीच्या आतबाहेरची, उंच, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणारी. नवरा ट्रकवर चालक, महिन्याचे बहुतेक दिवस बाहेर. घरात ती, दोन लेकरं आणि शेती बघणारा धाकटा दीर, भगवान. आणि भुरी. भुरी ही तिची म्हैस, दुसऱ्या वेताची. लग्नानंतर वडिलांनी वगार म्हणून, म्हणजे मादी रेडकू असतानाच, दिली होती, ती तिने वाढवली. त्या घरात जे जे होतं ते कुणाच्या ना कुणाच्या नावावर होतं, भुरी तेवढी कडूबाईची होती.

भुरीचं रेडकू महिन्याभराचं होऊन गेलं. जंतांनी गेलं. म्हशीच्या रेडकांना पहिल्या काही दिवसांतच जंताचं औषध द्यावं लागतं. मी तो पाठ शेवटच्या आठवड्यात ठेवला होता. कडूबाईला मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही काय जंत आणून टाकले का सर? असू द्या." तिने सोडून दिलं. मी अजून सोडलेलं नाही. तेव्हापासून जंतांचा पाठ पहिल्या दिवशी असतो, बसा म्हणण्याच्याही आधी.

रेडकू गेलं आणि भुरीने दूध द्यायचं थांबवलं. कास भरलेली, पण धार म्हणून येईना. भगवानने बाजारातून पान्ह्याचं इंजेक्शन आणवलं. चार दिवस दूध आलं, मग सुई बघताच भुरी दावं तोडायला लागली. कडूबाई वर्गात येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी म्हणतेत, चोरटी झाली, येत्या बाजारी अंबडला नेऊन उभी करू. भाकड म्हणून विकली तर ती कुणाच्या दावणीला न्हाई जाणार सर, कुठं जाईल तुम्हाला म्हाईत आहे. तुम्ही शिकवता ना पान्ह्याचं? मंग या. बघा."

सबंध वर्ग माझ्याकडे बघत होता. फळ्यावर माझ्याच अक्षरात मुद्दे होते आणि त्यातला एकही तिच्या उपयोगाचा नव्हता.

तात्यांनी तोड सुचवली. एकनाथतात्या धावड्याचे, धनगर, वयाने वर्गात सगळ्यांत मोठे. मेंढरांमागे सारी हयात फिरून आता दोन म्हशी घेऊन स्थिरावले होते आणि मुलाने हट्टाने अभ्यासक्रमाला धाडले होते. "रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करतेत," ते म्हणाले. "आमच्यात लई जणांनी केलंय."

"न्हाई तात्या," कडूबाई म्हणाली. "मेलेल्याला पुढं करून तिला फसवायची न्हाई."

तात्या हळूच म्हणाले, "बराबर आहे बाई."

मी दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून म्हणालो, "आपण सगळे जाऊ. बसू आणि बघू."

दुपारच्या एस.टी.ने आम्ही शहागडला गेलो. तो प्रवास मला अजून आठवतो. तोडलेल्या उसाच्या वाढ्यांचा, शेंड्यांचा हिरवा वास, पुलाखालची गोदावरी संथ आणि रुंद, हायवेवर ट्रकांची रांग, टपऱ्यांवर उकळणारा चहा. वर्ग सहलीला निघाल्यासारखा खुशीत होता आणि मी खिडकीशी बसून मनातल्या मनात माफी मागत होतो, कोणाची ते ठाऊक नाही.

कडूबाईच्या अंगणात लिंबाखाली भुरी बांधलेली होती. मागे वळलेली लांब शिंगं, मातकट रंग, कपाळावर पांढरा ठिपका. आम्ही भिंतीला टेकून ओळीने बसलो. भगवान शेतातून आला, पंचविशीचा, तिखट. त्याने आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे काय? वऱ्हाड आलंय का?"

"वर्ग आहे माझा."

"मंग धार काढाया शिकवतेत का नुसतं बघाया?" माझ्याकडे वळून तो म्हणाला, "सर, बघून दूध येत असतं तर मी सिनेमाला गेल्तो तेव्हा घरी तूप झालं असतं."

वर्ग हसला. मीही हसलो. कडूबाई नाही हसली. चरवी घेऊन ती भुरीच्या पोटाशी बसली, कास धुतली, गव्हाणीत सरकी टाकली. भुरीने सरकी खाल्ली. कडूबाईने आचळ धरले, ओढले. चरवीच्या तळाशी दोन थेंब टणटणले आणि संपलं. तिने चरवी उचलली. उठली तेव्हा तिने कोणाकडेही बघितलं नाही.

"झालं बघून?" भगवान म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता. "चोरटी आहे ती."

कडूबाई आत गेली. पाहुणे आलेत तर भाकरी खाऊनच जायचं, एवढंच तिने दारातून सांगितलं. आम्ही उठायला हवं होतं. पण एस.टी.ला अवकाश होता आणि खरं सांगायचं तर मला रिकाम्या हाताने उठवत नव्हतं. आम्ही बसून राहिलो. दिवस कलला. चुलीचा धूर लिंबात शिरला. आतून भाकरी थापण्याचा आवाज येऊ लागला, थप थप, थप थप, मग परातीवर फिरवल्याची घसघस, पुन्हा थप थप.

"सर," वर्गातलं कोणीतरी कुजबुजलं, "चघळाया लागली."

भुरीची मान खाली आली होती. कान सैल झाले होते. मागचा एक पाय तिने थोडा बाहेर टेकला. आणि आचळाच्या टोकाशी एक पांढरा थेंब जमला, लोंबकळला, मातीत पडला. मागोमाग दुसरा.

मला माझ्याच वर्गात माझाच नेम पाळणं त्या क्षणी किती अवघड गेलं. मन धावत होतं, आठवण आली असेल, माया आली असेल. मी स्वतःला म्हणालो, दिसलं तेवढंच. आणि ऐकू आलं तेवढंच.

"कडूबाई," मी हाक मारली, "थापणं थांबवा जरा."

आवाज थांबला. थोड्या वेळाने भुरीची रवंथ थांबली. कान उभे झाले. थेंब थांबले.

"आता थापा."

थप थप. कान सैल झाले. थेंब पडू लागले.

मी भगवानला विचारलं, "रेडकू होतं तेव्हा ते कधी सोडायचात?"

तो भुरीकडे बघत होता. "वहिनी भाकरीला बसली की. मी सोडायचो. ते ढुशा द्यायचं. भाकरी झाल्या की वहिनी हात धुऊन धारेला यायची." मग म्हणाला, "रेडकू गेल्यावर वाट कशाची बघायची? डेअरीवर जल्दी नंबर लागावा म्हणून वहिनी आधीच धारेला बसाया लागली."

एवढंच होतं ते. रेडकू गेल्याने माणसं वेळेतून मोकळी झाली होती, भुरी झाली नव्हती. तिच्या अंगात दूध उतरायची वेळ भाकरीच्या थापेला बांधलेली होती, गेल्या वेतापासून. ती काहीही चोरत नव्हती. ती अजून ऐकायच्या राहिलेल्या आवाजाची वाट बघत होती. हे मी त्यांना सांगितलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावरचा तरी आळ उतरवत होतो.

कडूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली, बसली. पण थापणं थांबलं तसं भुरीने दूध वर ओढलं. धार काढणारी तीच आणि भाकरी थापणारीही तीच. भुरी दुसऱ्या कोणाला कासेला हात लावू देत नव्हती. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"सर, तुम्ही बसा भाकरीला," कोणीतरी म्हणालं.

मी उभा राहिलो, आणि तिथेच थांबलो. मला भाकरी येत नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, रोज दोन वेळा ताटात भाकरी पडत होती आणि मला साधा उंडा मळता येत नव्हता. अंगणात उभं राहून मला मंदा आठवली. हा अपराध माझा खरा होता, कोणी लादलेला नव्हता.

"सरका," तात्या म्हणाले. धोतर सावरून ते आत गेले. मेंढरांमागे रानात राहणाऱ्या माणसाच्या हातची भाकरी आम्ही तोवर ऐकली नव्हती. थप थप थप थप, कडूबाईपेक्षा जड, पण एका लयीत. भुरीचा एक कान आतल्या बाजूला वळला. जणू विचारत होती, हे कोण? नाही, हे मी म्हणू नये. कान वळला, एवढंच. मग तो सैल झाला.

आणि चरवीत धार पडली. पहिल्यांदा पत्र्यावर पडल्यासारखी टणटण, मग दुधावर दूध पडताना होते तशी घोगरी, जाड. कडूबाईचं कपाळ भुरीच्या पोटाला टेकलेलं होतं. तिचे खांदे हलत होते, धारेनेही आणि आणखी कशाने तरीही.

त्या रात्रीच्या जेवणाला आम्ही तात्यांच्या भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. भगवान वाढत होता. तात्या म्हणाले, "पोरा, मी काय रोज धावड्याहून येणार न्हाई. परात घे."

"मी?" भगवान ओरडला. "गाव काय म्हणंल?"

"म्हैस बाजारात नेली तर काय म्हणंल?" कडूबाई म्हणाली. ते ती भाऊजींना उद्देशून पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलली असावी, कारण भगवान वाढता वाढता थांबला.

बाजाराचा दिवस आला आणि गेला. भुरी लिंबाखालीच राहिली. कडूबाई वर्गात येऊन रोजची हकीकत सांगायची आणि वर्ग हसून लोळायचा. पहिल्या दिवशी भगवानची भाकरी परातीलाच चिकटली. दुसऱ्या दिवशी तिचे दोन तुकडे झाले. "पर भुरीला काय," कडूबाई म्हणाली, "तिला आवाज पाहिजे, आकार न्हाई." दार लावून तो थापायचा, म्हणजे कोणी बघू नये. आवाजाला दार नसतं हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. पारावर त्याला 'भगवानबाई' म्हणू लागले.

मी कडूबाईला एक काम दिलं. धारेला बसताना चरवीची कडी वाजवायची, रोज तशीच. म्हणजे हळूहळू भुरीला कडीचा आवाज पुरेल आणि भगवान सुटेल. जनावराची सवय मोडायची नसते, तिच्या शेजारी दुसरी लावायची असते. हे मी आजही शिकवतो आणि शिकवताना बरं वाटतं.

मी स्वतः त्याच हिवाळ्यात मंदाकडे परात मागितली. ती आधी हसली, मग घाबरली. "काय झालं? काय लपवून राह्यले?" म्हणाली. माझी भाकरी अजूनही गोल होत नाही. ती म्हणते, "म्हशीपाशी तुम्ही घटका घटका बसता आणि तव्यापाशी घाई करता." ते खरं आहे. पण आता या सरकीच्या वासाच्या दिवसांत, संध्याकाळी दोघं चुलीपाशी असतो तेव्हा मला कोणाची माफी मागावीशी वाटत नाही. असे दिवस माझ्या वाट्याला थोडे आहेत, म्हणून ते मोजून न ठेवता नुसते असू देतो.

पुढे माघात एका सकाळी मी शहागडला गेलो होतो. अंगणात शिरलो तेव्हा कडूबाई धारेला बसली होती. तिने चरवीची कडी वाजवली आणि आत अजून परातीचा आवाजही झाला नव्हता, तोच धार सुरू झाली. मी तिथेच उभा राहिलो. मग आतून थापणं सुरू झालं, सफाईदार, एका लयीत.

मी आत डोकावलो. भगवान चुलीपाशी बसला होता. टोपल्यात गोल, फुगलेल्या भाकरी होत्या.

"भगवानराव," मी खुशीत म्हणालो, "सुटलात तुम्ही. आता थापलं न्हाई तरी चालतंय. तिला कडी पुरे झाली."

त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ठाव आहे मला. पंधरवडा झाला. सर, तुम्ही हे कुठं बोलू नका."

"का?"

"भाऊ गाडीवर असतो. वहिनी पहाटपासून राबून राह्यली. दोन भाकरी मी थापल्या तर माझे हात झडतेत का?" त्याने पिठाचा गोळा परातीत ठेवला. "पर उगाच थापतो म्हणलं तर गाव जगू देईल का मला? म्हशीला लागतं म्हणून सांगितलंय. तेवढं राहू द्या."

मी बाहेर आलो. त्याच वेळी रस्त्याने पारावरचा एक म्हातारा चालला होता. मला बघून तो कुंपणापाशी थांबला.

"ओ डॉक्टर! अजून लागतंय का हो म्हशीला भाकरीचं?"

आतलं थापणं थांबलं. भुरी लिंबाखाली डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती आणि कडूबाईच्या मुठींतून धार चरवीत पडत होती, जाड, अखंड. कडूबाईने मान वर केली नाही.

"लागतंय," मी म्हणालो. "बिलकुल लागतंय. एक दिवसबी खंड पडता कामा नये."

म्हातारा मान हलवत पुढे गेला. आत भगवानने पुन्हा थापायला सुरुवात केली.